वाचकांचे प्रश्न : कॅसेट ते मोबाइल

प्रश्न : खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत मी आठवीला शिकवते. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल माध्यमांतील फरक मुलांना कसा समजावून द्यावा?

उत्तर : बाई, व्याख्येने सुरुवात करू नका. गावातील भजनी मंडळाची जुनी कॅसेट मिळाल्यास ती वर्गात ऐकवा. तिच्या फितीवरील चुंबकीय थरात आवाजाचा चढउतार अखंडपणे उमटलेला असतो. म्हणूनच एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरत गेल्यास खरखर वाढत जाते. डिजिटल पद्धतीत तोच आवाज ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहिला जातो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीवर बसवले जाते. आकडे अचूक उतरले, तर शंभरावी प्रतही पहिलीसारखीच राहते.

तरीही डिजिटल ते सारे उत्तम, असे मुलांच्या मनावर कृपया बिंबवू नका, कारण एमपीथ्री फाइल लहान करताना आवाजातील काही माहिती कायमची गाळली जाते.

शेवटी आलेखकागदावर एक वक्ररेषा काढून मुलांना तिची उंची चौकटीगणिक मोजायला लावा आणि ती रेषा न पाहिलेल्या मुलांना केवळ त्या आकड्यांवरून ती पुन्हा काढायला सांगा. चौकटी जितक्या बारीक, तितकी नवी रेषा मूळ रेषेच्या जवळ जाते.