गॉलला मुक्कामच कर

नागपूर

प्रिय पोरा,

तुझं श्रीलंकेच्या सहलीचं वेळापत्रक पाहिलं. कँडी, सिगिरिया, नुवारा एलिया, एल्ला, आणि शेवटी ‘विमानतळाच्या वाटेवर गॉल, अर्धा दिवस’. अरे, विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला, गॉल पार दक्षिणेला! ते कोणत्या वाटेवर येतं बाप्पा?

काय गाळू ते समजत नाही म्हणतोस. गॉल सोडून काहीही गाळ. पण गॉलला मुक्काम कर, तोही किल्ल्याच्या आत.

हा किल्ला तिकीट काढून पाहायचा नाही, त्यात माणसं नांदतात. पोर्तुगीजांनी 1588 मध्ये सुरुवात केली, डचांनी 1663 पासून दगडी तट उभारले. 2004 च्या त्सुनामीत बाहेरचं बसस्थानक आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त झालं, तटाच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. आत आजही कोर्ट आहे, शाळा आहेत, दीपस्तंभासमोर चर्चसारखी दिसणारी पांढरी मशीद आहे. एकेकाळी बेटाचं मुख्य बंदर हेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलंबोचं बंदर वाढलं, बोटी तिकडे वळल्या आणि गॉलची घाई संपली. अशा गावात तू घड्याळ घेऊन शिरणार?

दुपारी शाळा सुटते. पांढऱ्या गणवेशातली पोरं दप्तरं खांद्यावर टाकून गल्लीतून घरी जातात. ऊन उतरलं की घरंच्या घरं तटावर येऊन बसतात. म्हातारे, लेकुरवाळ्या, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. हे सहलीच्या गाड्या परतल्यावरचं गाव आहे. ते मुक्काम केल्याशिवाय दिसत नाही.

पहिल्यांदा आम्ही दोघं टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. तुझ्या काकूला तटावर बसायचं होतं. ती टेकली न टेकली तोच गाइडनं शिटी फुंकली. तिचं ते बसणं राहिलं ते राहिलंच. ती गेल्यावर मी एकटा गेलो आणि सगळी सुट्टी तिथंच काढली. घरचे अजून म्हणतात, एवढा पैसा घालून एकच गाव? हो, एकच गाव! त्यांची चार देशांची चित्रं मोबाइलमध्ये आहेत, एका गल्लीचा वास कोणाला सांगता येत नाही. मी चुकलो नाही. पुन्हा गेलो तरी हेच करीन.

रागावू नकोस, तुझी पहिलीच परदेशवारी म्हणून जीव तुटतो. मे ते सप्टेंबर टाळ, तिकडचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो. कोलंबो फोर्ट स्टेशनहून रेल्वेनंच जा, उजव्या हाताची खिडकी धर, रूळ समुद्राला लागून धावतात. आणि मुक्काम कर. एल्लाचं बुकिंग आजच रद्द कर आणि मला फोन कर.

तुझा,
काका