तक्रार कोठे द्यायची? विद्यापीठ परिसरातील सुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी मराठवाड्यातीलच एका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करते. गेले दोन महिने बाहेरचा एक तरुण ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत मोटारसायकलवरून तिच्या मागे येतो, वाट अडवून मोबाइल नंबर मागतो. तिने दोनदा तोंडावर नकार दिला. फाटकावरील रक्षकाने तिला वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे पाठवले. ‘आधी समितीकडे अर्ज द्या, पोलिसांत गेलात तर विद्यापीठाचे नाव खराब होईल,’ असे अधीक्षकांनी सांगितले. तिला घरी घेऊन यावे, असे आम्हाला वाटू लागले आहे. — एक पालक, जिल्हा हिंगोली

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती करते, मुलीला घरी आणू नका. आपल्या भागात पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचलेली मुलगी ही कित्येकदा त्या घरातील पहिलीच असते. असे काही घडले की तिचे शिक्षण थांबते, पुढच्या लग्नसराईत तिचे लग्न उरकले जाते आणि पाठलाग करणारा मात्र त्याच रस्त्यावर मोकळा फिरत राहतो. याच धास्तीने अनेक मुली घरी काही सांगतच नाहीत. तुमच्या मुलीने सांगितले आहे, तेव्हा तिला त्याची शिक्षा झाली असे वाटू देऊ नका.

अधीक्षकांनी सांगितलेला क्रम कायद्यात कोठेही नाही. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तिच्याशी संपर्क साधण्यासाठी वारंवार पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा असून पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणूनच तिने दिलेल्या दोन्ही नकारांना महत्त्व आहे; ते कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणासमोर दिले, हे तिने आजच लिहून ठेवावे आणि शक्य झाल्यास मोटारसायकलचा क्रमांकही टिपावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे सुट्टीत गावी आलेली मुलगी तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातही तक्रार नोंदवू शकते, तेथून ती संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. अशा गुन्ह्यात स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्या. ठाण्याने नोंद करण्यास नकार दिला, तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना, आणि छत्रपती संभाजीनगर शहराची हद्द असेल तर पोलीस आयुक्तालयाला, टपालाने लेखी पाठवावी; तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

समितीचा मार्ग निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार देता येते. त्रास देणारा बाहेरचा असला, तरी परिसरातील विद्यार्थिनीला साहाय्य करण्याची जबाबदारी संस्थेवर राहते आणि तिला पोलिसांत जायचे असेल तर त्यातही मदत करावी, असे हेच विनियम सांगतात. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, दोन्हींची पोच घ्या. विद्यापीठाकडे दिलेल्या अर्जात ग्रंथालय ते वसतिगृह या रस्त्यावरील दिवे, कॅमेरे आणि सायंकाळची गस्त यांची मागणीही स्वतंत्रपणे नोंदवा, कारण उद्या त्या रस्त्याने दुसऱ्या कोणाची तरी मुलगी जाणार आहे.

प्रश्न : मी एका शैक्षणिक परिसरात कंत्राटी सुरक्षारक्षक आहे. भांडण झाले की सर्व जण आमच्याकडे पाहतात. आम्हाला कोणाला पकडता येते का? — एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत, आणि एखाद्या विद्यार्थ्याचा मोबाइल काढून घेऊन तपासणे हे आपले काम नाही. मात्र आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणतीही खासगी व्यक्ती गुन्हेगाराला धरून ठेवू शकते. त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. हातात शिट्टी आणि काठी एवढेच देऊन रक्षकांकडून सगळी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. तरीही फाटकावरील नोंदवहीत घटना वेळेसह लिहिणे आपल्याच हाती आहे. वरच्या प्रश्नातील मुलीला रक्षकाने अधीक्षकांकडे पाठवले खरे, परंतु त्याने तिचे म्हणणे वहीत उतरवून घेतले असते, तर आज तिच्या बाजूने एक लेखी पुरावा उभा राहिला असता.

प्रश्न : कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलिसांना परिसरात येता येत नाही, हे खरे आहे का? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : गुन्हा घडत असताना अशा परवानगीची कायदेशीर अट नाही. प्रशासनाला कळवून येण्याचा प्रघात आहे आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनांच्या बाबतीत तो पाळला जावा, असे माझे मत आहे. १९७८ ते १९९४ असा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा दीर्घ लढा पाहिलेल्या मराठवाड्याला त्याचे कारण वेगळे सांगायला नको. परंतु कोणाला मारहाण होत असेल, तर कोणाच्याही संमतीची वाट न पाहता ११२ वर दूरध्वनी करावा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा परिसर सातशे एकरांहून मोठा आहे, त्यामुळे अशा ठिकाणाहून केवळ ‘विद्यापीठातून बोलतोय’ असे सांगितल्यास पोलिसांची गाडी भलत्याच फाटकाशी जाण्याची शक्यता असते. विभागाचे किंवा वसतिगृहाचे नाव, जवळचे फाटक आणि मारहाण करणारे किती जण आहेत, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगावे.