कापसाच्या खोलीत बस

बाबू,

तुझ्या पॉडकास्टचा पहिला भाग ऐकला. अठ्ठेचाळीस मिनिटं, पूर्ण. पहिली सहा मिनिटं तू नुसतं स्वागत करतोस आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात "श्रोतेहो" म्हणतोस. पुढे एकतिसाव्या मिनिटाला मागून कोणीतरी आलं आणि तू बोलून गेलास, "थांब ना बे, पंखा बंद कर आधी." ते कापायचं राहून गेलं असेल. मला तेवढंच सगळ्यात आवडलं. घरी "मले-तुले" बोलणाऱ्यानं माईकसमोर पुणेकर व्हायची गरज नाही.

आवाज घुमतो म्हणून नवा माईक घ्यावा का, असं विचारलंस. घेऊ नको. टिनाचं छत, कोऱ्या भिंती. कोणताही माईक आणलास तरी घुमेलच. भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला आहे ना? तिथे बस. कापूस आवाज पिऊन टाकतो. (खाज सुटेल, लांब बाह्यांचा सदरा घाल.) मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धर, नाहीतर 'प' आणि 'भ' म्हणताना फुंकर बसते. फ्लाइट मोड लाव. लाईन गेली की शिव्या देत बसू नको, रेकॉर्डिंग कर. पंखा, फ्रिज, मोटर सगळं गप्प असतं.

हे तू आठ दिवसांत शिकशील. खरी गोम मुलाखतीत आहे. तुझा प्रश्न दीड मिनिटाचा आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांचं उत्तर "हो". उत्तर तूच प्रश्नात देऊन टाकलंस, मग ते बिचारे काय बोलणार?

मी रेडिओसाठी गावोगाव फिरायचो तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्यानं मला विहीर खणतानाची हकिकत सांगितली. पाणी लागलं तिथे त्याचा आवाज चिरकला, मग तो बराच वेळ गप्प बसला. रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता, मी खूश. लुकलुकणं म्हणजे यंत्र नुसतं तयारीत आहे, दिवा स्थिर झाल्याशिवाय काही टिपलं जात नाही, हे मला घरी येऊन कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यानं तीच हकिकत चार वाक्यांत आटोपली, "सांगितलं ना कालच." तेव्हापासून चहा घेताना मी मुद्द्याचं काही विचारत नाही. पाऊसपाणी, लेकीबाळी, बस. आणि माणूस गप्प झाला की मनात पाचपर्यंत मोजतो. बहुतेक वेळा तिसऱ्या आकड्यालाच तो पुन्हा बोलू लागतो.

प्रश्न कसा असावा ते गाडगेबाबांकडून शीक. त्यांचं कीर्तन म्हणजे साध्या वऱ्हाडीतले प्रश्न, आणि उत्तरं समोरच्या गर्दीच्या तोंडून. बाबा १९५६ साली वलगावजवळ गेले. त्यांचं कीर्तन ऐकलेलं माणूस आता ऐंशीच्या आसपासचं किंवा पुढचं. तुमच्या गावात असं एखादं असेल तर बाकी सगळे विषय बाजूला ठेव आणि आधी तिथे जा.

हे कोणासाठी, तर तू लिहिलंस "सगळ्यांसाठी". मी म्हणतो, कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी कर. हात गुंतलेले, कान मोकळे, एकीचा मोबाईल स्पीकरवर आणि चौघी ऐकतात. एक पात (वेचायची ओळ) लागेपर्यंत एक भाग संपावा, वीस मिनिटं पुष्कळ झाली. रेकॉर्डिंग मोनो (एकाच चॅनेलचं) आणि ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवलंस तर वीस मिनिटांची फाईल दहा एमबीच्या आत बसते, आणि बोलण्याला तेवढं पुरतं. स्पॉटिफायवर टाकच, पण गावात ती फाईल व्हॉट्सॲपवरच फिरेल. किती जणांनी ऐकलं हे तिथे कळणार नाही. संध्याकाळी पारावर विचार.

निदान चार भाग तयार झाल्याशिवाय पहिला सोडू नको. पेरणी आली की तुला महिनाभर फुरसत मिळायची नाही.

पोळ्याला मी येतो. तोरणाखाली झडत्या (पोळ्यात म्हणतात ती कवनं) सुरू झाल्या की घुंगरमाळांच्या आवाजात शब्द हरवतात, म्हणून म्हणणाऱ्याच्या अगदी खांद्याशी उभं राहावं लागेल. मी बैलांना आवरतो. लाल दिवा तू पाहा.

तुझा,
काका