जुन्या बाईकला फक्त थर्ड पार्टी विमा पुरतो का?

कायद्यापुरता पुरतो. पण त्यातून तुमच्या बाईकसाठी एक रुपयाही मिळत नाही. भरपाई मिळते ती तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं त्याला. चोरी झाली, पुरात बुडाली, तर खर्च तुमचाच. माझ्या भावाची बाईक पार्किंगमध्ये आडवी पडली; टाकीला पोचा, हँडल वाकडं, सगळं खिशातून भरलं.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, इंजिन बघून. जून 2022 च्या दरांत 75 ते 150 सीसीला वर्षाला 714 रुपये, 150 ते 350 सीसीला 1366, कर वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो, तिथे चार ठिकाणी विचारा. बाईकची आजची किंमत 30-40 हजार असेल तर हा भाग मी घेईनच. त्यातच नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल या हप्त्यात मिळणारी सूट, 20 टक्क्यांपासून 50 पर्यंत चढतो, म्हणून ओरखड्यासाठी क्लेम करू नका. आणि पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की बोनस गेलाच.

मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आधीच नसेल तर कृपा करून गाळू नका. विमाच नसेल तर पहिला दंड 2000, पुन्हा सापडलात तर 4000.