भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

कर्करोगाचे उपचार संपलेल्या अनेक स्त्रिया समुपदेशनात मला एकच प्रश्न विचारतात: रिपोर्ट चांगले आहेत, देवाचेही सगळे करते, तरी तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, माझी भक्तीच कच्ची आहे का? सातारा जिल्ह्यातील ५२ वर्षांच्या एका माळकरी बाईंचाही हाच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन होऊन त्यांना दीड वर्ष झाले होते. केमोच्या दिवसांत अंगात त्राण नसल्याने त्यांच्या एकादशा सुटल्या, आणि तेच धरून जाऊबाई म्हणाल्या होत्या, "देवाला चुकलीस, आता जपून राहा." ते बोलणे मनात इतके रुतले की, हरिपाठ तोंडाने चालू असला तरी हात काखेत गाठ चाचपत राही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी दबक्या आवाजात सांगितले, की टॅमॉक्सिफेनची गोळी त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केली आहे. "पांडुरंगानं बरं केलं म्हणायचं आणि रोज गोळी खायची, हा अविश्वासच की, मॅडम." ही गोळी साधारणपणे किमान ५ वर्षे घ्यावी लागते आणि रोग उलटण्याचा धोका तिने कमी होतो; त्यामुळे त्यांच्या संमतीने मी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांशी बोलले.

श्रद्धा खरी की खोटी, या वादात मी कधीच पडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटातल्या श्रद्धेच्या वेगवेगळ्या रीती मांडल्या आहेत: कुणी सारा भार देवावर टाकतो, कुणी एकट्याने झुंजतो, कुणी देवाला सोबतीला घेऊन स्वतःचे काम करतो, आणि आजार ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे वाटू लागले की श्रद्धेचाच जाच होतो. हे त्यांना समजावण्याऐवजी मी विचारले, "वारीत पांडुरंग काय करतो?" त्या चटकन म्हणाल्या, "चालायचं आपणच. तो संगती असतो." मग बराच वेळ त्या गप्प राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग गोळीचंबी तसंच की."

अपराधाची बोच मात्र इतक्या लवकर गेली नाही. जनाबाई विठ्ठलाशी भांडल्या, त्याला नको नको ते बोलल्या, तरी त्यांची भक्ती कुणी कच्ची ठरवली नाही, याची मी आठवण करून दिली, तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. त्या रडण्यात देवावरचा रागही होता, आणि तो बाहेर येणे मला फार आवश्यक वाटले.

पुढच्या तपासणीआधीही त्यांना झोप लागली नाही, पण डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी हरिपाठाच्या पुस्तिकेत ठेवलेल्या कागदावर लिहून नेले होते. त्या आषाढात, डॉक्टरांना विचारून, सुजणाऱ्या हातावर स्लीव्ह (सूज आवरणारी घट्ट बाही) चढवून त्या वारीचा लोणंद ते तरडगाव एवढाच टप्पा चालल्या आणि वाटेतल्या चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण त्यांनी डोळे भरून पाहिले.