पिल्लं हवी असतील तर आधी दोघांना वेगळं करा

ताई, तुम्ही लिहिलंय की सिडनीत घरी ईस्टर्न ब्लू-टंगची, म्हणजे निळ्या जिभेच्या मोठ्या सरड्यांची, जोडी आहे, दोघं चार फुटी पेटीत एकत्र राहतात, खायला डब्यातलं डॉग फूड आणि अधूनमधून केळं असतं, आणि येत्या उन्हाळ्यात (म्हणजे इथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत) पिल्लं व्हावीत अशी इच्छा आहे. आत्ता एप्रिल चालू आहे, म्हणजे अगदी वेळेवर विचारलंत. मी अकरा वर्षं ब्लू-टंग पाळतोय, पाच वेळा घरी पिल्लं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं काम आजच करा: दुसरी पेटी आणा आणि दोघांना वेगळं ठेवा. हा प्राणी एकटा राहणारा आहे. आपल्याकडे सापसुरळी दिसते ना, कोणी तिला सापाची मावशी म्हणतं, तिचाच हा दांडगा ऑस्ट्रेलियन नातलग. दोघं एका पेटीत शांत पडलेले दिसले की आपल्याला वाटतं छान जमलंय. प्रत्यक्षात एक जण दिव्याखालची उबदार जागा बळकावतो आणि दुसरा थंड कोपऱ्यात दिवस काढतो. त्याला ऊब नाही म्हणून अन्न पचत नाही, पचत नाही म्हणून तो खात नाही. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. सप्टेंबरमधल्या एका सकाळी पेटीत पाहिलं तर वर्तमानपत्रावर रक्ताचे ठिपके होते आणि मादीच्या मागच्या डाव्या पायाची दोन बोटं गेलेली. ती आजही आहे, ठणठणीत आहे, पण त्या पायाकडे पाहिलं की अजून पोटात कालवतं.

दुसरं म्हणजे ही खरंच जोडी आहे का, हे तपासून घ्या. विकणाऱ्याने सांगितलं एवढ्यावर जाऊ नका. नराचं डोकं रुंद आणि मादीचं धड लांब, हा ठोकताळा अनेकदा फसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला दाखवा. दोन नर निघाले तर वसंतात जिवावर बेतेल.

आता पेटी. एकेकाला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा पुरते. उंचीला महत्त्व नाही, हे चढणारे जनावर नाही. एका टोकाला ऊन खायची जागा हवी: सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा, त्यावर दिवा, आणि दगडाच्या पृष्ठभागाचं तापमान ३५ ते ३८ अंश. दुसरं टोक २२ ते २५ च्या आसपास. तापमान हाताने अजमावू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दगडावर रोखून मोजा. यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) मी आवश्यकच मानतो, आणि ती पेटत असली तरी जुनी झाल्यावर बदलायची, कारण डोळ्यांना उजेड दिसत राहतो पण किरण कमी झालेले असतात. लपायला दोन्ही टोकांना एकेक जागा द्या, म्हणजे लपायचं की उबेला जायचं अशी निवड करायची पाळी येणार नाही. खाली वाळू नको, खाण्याबरोबर पोटात जाते. सीडरच्या लाकडाचा भुसाही नको, त्याच्या तेलाचा त्रास होतो. मी वर्षभर वर्तमानपत्रच घालतो. दिसायला साधं, पण शी कशी आहे, कुठे रक्त आहे का, माइट्सचे (अंगावर राहणाऱ्या बारीक किड्यांचे) काळे ठिपके फिरताहेत का, सगळं लगेच कळतं.

खाण्यावर जास्त लिहितो, कारण पैदास बिघडते ती इथेच. नर-मादीची गाठ घालणं हे दहा मिनिटांचं काम आहे, पण मादीची हाडं वर्षभर बांधावी लागतात. ब्लू-टंग अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. ईस्टर्नला साधारण दहाच्या आसपास होतात, कधी वीसच्याही पुढे जातात. हा सगळा भार एक मादी तीन ते पाच महिने पोटात वागवते. नुसतं मांस खाणाऱ्या मादीला हे झेपत नाही, कारण बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. मग ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. जबडा मऊ पडतो, पायांना कंप सुटतो.

माझं ताट असं असतं: अर्धं मांसाहारी, अर्ध्याहून थोडं कमी भाजी, आणि फळ चवीपुरतं. मांसाहारात कांगारूचा खिमा, त्यात चरबी फार कमी असते. उकडलेलं अंडं, रातकिडे, रेशमाच्या अळ्या. डॉग फूड चालेल, पण रोजचं जेवण म्हणून नको, आणि कांदा-लसणाची पावडर घातलेलं तर मुळीच नको, डब्यावरची यादी वाचा. भाजीत बोक चॉय, एन्डाइव्ह, फरसबी, किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा. पालक रोज घालू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. अ‍ॅव्होकॅडो आणि रुबार्ब घरात असतील तर त्यांच्यापासून लांब ठेवा. पपई, आंबा, बेरी यांची एखाद-दुसरी फोड पुरे. तुमच्या केळ्यात साखर जास्त आणि कॅल्शियम अगदीच कमी, ते महिन्यातून एकदा ठीक. आपल्या ताटातली उरलेली भाजी द्यायचा मोह होतो, पण त्यात तेल, मीठ, फोडणी सगळं आलं, तेव्हा नाही.

ते फक्त मांसच वेचून खातात ही तक्रार तुम्हीही थोड्याच दिवसांत कराल. उपाय सोपा आहे. भाजी अगदी बारीक चिरा, खिम्यात अंड्याबरोबर कालवा, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरवा आणि लाडवासारखं वळून द्या. वेगळं काढून खाता येत नाही. मोठ्यांना आठवड्यातून दोनदा पुरतं. जाड ब्लू-टंग म्हणजे निरोगी ब्लू-टंग नव्हे, आणि चरबी चढलेली मादी गाभण राहायला आणि पिल्लं द्यायला दोन्हीकडे त्रास काढते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन करा आणि वहीत लिहा.

गोगलगाय हा यांचा आवडता घास. जबडा त्यासाठीच घडलेला आहे, शंख फुटतानाचा तो करकरीत आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. पण बागेतली गोगलगाय उचलून देऊ नका. शेजाऱ्याने स्नेल बेट (गोगलगायी मारायचं विषारी आमिष) टाकलेलं असेल तर ते विष गोगलगायीतून थेट तुमच्या मादीच्या पोटात जातं. गोगलगायी द्यायच्याच तर स्वतः डब्यात वाढवा आणि त्यांच्या पुढच्या पिढीपासून द्यायला लागा.

हिवाळ्याचा भाग लोक गाळतात आणि मग नर बघतसुद्धा नाही म्हणून विचारत बसतात. थंडीची झोप मिळाली की वसंतात दोघांची शरीरं जागी होतात. मेच्या मध्यापासून खाणं बंद करा, पण दिवा दोन आठवडे चालू ठेवा. पोट पूर्ण रिकामं व्हायला हवं, नाहीतर थंडीत आतलं अन्न कुजतं आणि जनावर मरतं. मग दिव्याचे तास कमी करत न्या आणि जून-जुलैत बंद करा. रात्री १० ते १५ अंश चालतं, सिडनीच्या गॅरेजमध्ये ते आपोआप मिळतं. ताजं पाणी मात्र ठेवायचं आणि वजन तपासत राहायचं. वजन भराभर उतरायला लागलं, नाकातून बुडबुडे आले किंवा तोंड उघडं टाकून श्वास चालू झाला, तर थंडी तिथेच थांबवून ऊब द्या आणि डॉक्टरकडे जा. आजारी किंवा बारीक मादीला यंदा झोपवूच नका, पिल्लं पुढच्या वर्षी.

ऑगस्टच्या अखेरीस ऊब परत द्या, दोन-तीन आठवडे चांगलं खाऊ घाला, आणि गणपतीच्या सुमारास मादीला नराच्या पेटीत सोडा. समोर बसून बघायचं, फोन बाजूला. नर मागे लागतो, मानेला किंवा खांद्याला धरतो. चार खवले निघतात, ते चालतं. मादी तयार असेल तर थांबते. ती शेपूट आपटत पळत असेल, उलटून चावत असेल, तर लगेच बाहेर काढा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. काम झालं की दोघं आपापल्या पेटीत. दिवाळीपर्यंत तीन-चार वेळा गाठ घालून देता येते.

गाभण मादी सारखी उन्हाच्या दगडावर चिकटून असते, म्हणून ती जागा दिवसा कधीही थंड पडू देऊ नका. शेवटच्या महिन्यात पोटात जागा उरत नाही, ती कमी खाते. घाबरू नका, थोडं थोडं आणि कॅल्शियम घातलेलं द्या, उचलाउचल थांबवा. पिल्लं साधारण संक्रांतीच्या आगेमागे येतात. माझ्याकडे पहिल्यांदा झाली तेव्हा सकाळी पेटीत नऊ होती आणि दहावं अजून पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं, आतून धडका देत होतं. पिशवी फाटली, त्याने पहिल्यांदा जीभ बाहेर काढली, आणि ती तेव्हाही तितकीच निळी होती. मग वळून तीच पिशवी खायला लागलं. ते खाऊ द्या.

आई पिल्लांना सांभाळत नाही, म्हणून त्याच दिवशी वेगळी करा, आणि एकेकाला वेगळा डबा. एकत्र ठेवली तर खाताना एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात. खाली किचन टॉवेल, एका बाजूला ऊब, उथळ पाणी. पहिले काही दिवस ती खात नाहीत. पुढे मोठ्यांचंच जेवण अगदी बारीक करून दिवसाआड द्या, कॅल्शियम प्रत्येक वेळी.

दहा-पंधरा डबे, दहा-पंधरा दिवे, आणि प्रत्येक जीव वीस वर्षं जगणारा. न्यू साउथ वेल्समध्ये तुमच्याकडे परवाना हवा, तसाच पिल्लू घेणाऱ्याकडेही हवा, तेव्हा घेणारे कोण हे सप्टेंबरच्या आधी ठरवा. भारतातले मित्र आम्हालाही एक पाठवा म्हणतात, मलाही विचारतात. ऑस्ट्रेलियातली देशी सरपटणारी जनावरं जिवंत विकायला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ती पाकिटात कोंबून नेणाऱ्यांमुळे शिंगलबॅकसारख्या (ब्लू-टंगच्याच जवळच्या एका सरड्यासारख्या) जिवांचे जे हाल होतात ते वाचवत नाहीत. त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

आज रात्री दोघांचं वजन करा, आणि वजनं इथे लिहा. पेटीतल्या दगडाचं आणि थंड कोपऱ्याचं तापमानही टाका. मादीचा जबडा बोटांनी हलकेच दाबून बघा, दोन्ही बाजू सारख्या टणक लागतात का ते सांगा. त्यावरून तिला यंदा झोपवायचं की नाही ते ठरवू.