पोल्ट्रीची कोंबडी दारात आली, ठेवावी का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही विट्याजवळ मायणी रस्त्याला राहतो. या शुक्रवारी सकाळी अंगण झाडायला निघाले, तर कण्हेरीच्या बुडाशी एक पांढरी कोंबडी बसलेली. मानेला पिसं नाहीत, तुरा एका बाजूला कललेला, चोच पुढून तुटल्यासारखी. हाकलली तरी उठली नाही. ज्वारी टाकली तर टोचते, पण दाणा काही उचलत नाही. वाटीत पाणी ठेवलं, त्याच्याकडं बघतही नाही. शेजारच्या काकू म्हणतात, हा कुणाचा तरी उतारा आहे, हात लावू नको. सासूबाई म्हणतात, शुक्रवारी घरात आलेली लक्ष्मी आहे, ठेवून घे. हे म्हणतात, रविवार जवळच आलाय. मुलीनं तर नावही ठेवलं, 'राणी'. आमच्या कोंबड्या नाहीत, पण काकूंच्या चार-पाच गावरान दिवसभर आमच्याच परड्यात असतात. ठेवावी का? ठेवली तर अंडी देईल का?
ता. क. धाकटे दीर आमच्यातच राहतात. ते एका पोल्ट्रीवर सुपरवायझर आहेत. त्यांना विचारलं तर नुसते हसतात.
– एक गृहिणी, विटा परिसर

उत्तर : ताई, पहिल्यांदा एक सांगून टाकतो. मी डॉक्टर नव्हे, पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गावात सुई टोचतो तो डॉक्टर, म्हणून ते बिरुद चिकटलं.

ताजा कलमात तुम्ही जे लिहिलंय ते खरं तर पत्राच्या डोक्यावर यायला हवं होतं. घरातला माणूस रोज पोल्ट्रीवर कामाला जातो. बहुतेक पोल्ट्रीवाले माणूस कामावर घेतानाच बजावतात की घरी कोंबडी, बदक, कबूतर काही पाळायचं नाही. त्यात आडमुठेपणा नाही. कोंबड्यांचे रोग पुष्कळदा माणसाच्या चपलेला, कपड्याला, अंड्याच्या ट्रेला लागून शेडमध्ये जातात. तुमच्या परड्यातली विष्ठा दिरांच्या पायाखाली आली आणि तोच पाय शेडमध्ये पडला, तर तिथं एका छपराखाली हजारो पक्षी उभे असतात. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या, ते पोल्ट्रीवाले अजून विसरलेले नाहीत. तेव्हा दिरांच्या हसण्यावर जाऊ नका. त्यांना म्हणावं, मालकाला स्पष्ट विचारून या. मालक नको म्हणाला तर विषय तिथंच मिटला. एका कोंबडीपायी चालती नोकरी पणाला लावायची नाही. ज्यांच्या घरातलं कुणी पोल्ट्रीवर जात नाही आणि ज्यांचं खुराडं सध्या रिकामं आहे, अशा ओळखीच्यांकडं ती पाठवा. भरल्या खुराड्यात मात्र कुणाच्याच देऊ नका.

आता ती आली कुठून? तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती पिंजऱ्यातली लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी आहे, याबद्दल मला शंका नाही. पिल्लं लहान असतानाच तापल्या पात्यानं चोचीचं टोक छाटतात, एकमेकींना टोचू नये म्हणून. मानेची पिसं जाळीला घासून जातात. नखांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बघा, वाढलेली असतील. साधारण 18 ते 20 आठवड्यांची झाली की ती अंड्यावर येते. 72-80 आठवडे झाले, काही शेडवर त्याहून जास्त, की अंडी घटतात आणि सगळा लॉट 'कल', म्हणजे बाद म्हणून व्यापारी उचलतो. रात्रीच्या गाडीत क्रेटचं झाकण नीट बसलेलं नसलं की एखादी निसटते. उताऱ्याच्या कोंबड्या मी नोकरीत असताना वेशीवर पुष्कळ पाहिल्या. जवळ नारळ, लिंबू, अंगावर हळदकुंकू, आणि कोंबडी बहुतेक गावरान. पोल्ट्रीतली कल कोंबडी आणून उतारा टाकणारा एवढा काटकसरी भक्त मला तरी भेटलेला नाही. काकूंना तसं सांगा. सासूबाईंशी मात्र वाद घालू नका, त्या तुमच्या बाजूच्या आहेत.

तरीही आसपासच्या दोन-चार पोल्ट्रींवर विचारा, गावच्या ग्रुपवर टाका. कोंडवाड्याचा 1871 चा कायदा गुराढोरांसाठी आणि शेळ्यामेंढ्यांसाठी आहे, कोंबडीला तो लागू नाही. पण मालक माहीत असताना वस्तू दडवून ठेवली तर तो गुन्हाच. बहुतेक कुणी यायचं नाही. एका पक्ष्यासाठी व्यापारी गाडी मागं फिरवत नाही.

हे ठरेपर्यंत तिला मरू तर द्यायचं नाही. वाटीतल्या पाण्याकडं ती बघत नाही, कारण वाटी हा प्रकारच तिनं पाहिलेला नाही. पिंजऱ्यात नळीला निपल असतं, त्याला चोच लावली की थेंब पडतो. म्हणून वाटी काठोकाठ भरा, बोट बुडवून थेंब तिच्या चोचीच्या टोकावर सोडा. दोन-चार वेळा केलं की ती बोटाच्या मागं मागं पाण्यात चोच घालते. एकदा घोट घेऊन मान वर केली की पुढचं तिचं ती बघते. दाण्याचंही तसंच. वरची चोच खालच्यापेक्षा आखूड असल्यानं सपाट फरशीवरचा एकेक दाणा चिमटीत येत नाही. खोलगट भांड्यात मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा थोडा ओलसर करून द्या. दिवसाला साधारण 100 ते 110 ग्रॅम लागतो. जमलं तर लेयर फीडच आणा. नुसत्या ज्वारीवर ठेवली तर अंड्याचं कवच मऊ पडेल, कारण एरवी तिच्या खाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. फीड नाही मिळालं तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा.

रात्री ती शांत असते, तेव्हा उचलून बघा. गळ्याखालची दाण्याची थैली संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही टणक लागली तर दवाखाना गाठा. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी उवांच्या अंड्यांचे पुंजके दिसतील. चुलीची राख आणि कोरडी माती पाटीत घालून तिला लोळू द्या. आपल्याकडं द्राक्षबागेचं औषध कुठंही वापरायची खोड आहे, ते तिच्या अंगाला लावू नका. नाक वाहणं, शिंका, हिरवट पातळ हगवण, वाकडी मान यातलं काही दिसलं, तर ठेवायचं की द्यायचं हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. मुलीला सांगा, राणीला हात लावला की साबणानं हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही.

मालक हो म्हणाला तर? तर माझं मत ठेवा असं आहे, पण महिनाभर काकूंच्या कोंबड्यांपासून अगदी वेगळी. ही लसटोचणी झालेली आहे, काकूंच्या बहुधा नाहीत. लस झालेला पक्षी वरून ठणठणीत दिसतो आणि तरी मानमोडीचा विषाणू बाहेर टाकू शकतो, गावरान मात्र त्यात पटापट जातात. म्हणून त्याच महिन्यात काकूंच्या कोंबड्यांना मानमोडीची लासोटा लस द्या. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. बाटली साधारण 100 पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी धरा. महिना उलटला की तिला त्यांच्यात सोडा. एकटी कोंबडी झुरते. सुरुवातीला गावरान तिला झोडपतील, त्यात पडू नका. रक्त आलं तरच वेगळी करा.

अंड्यांच्या आशेवर ठेवणार असाल तर नको. शेडमध्ये संध्याकाळी दिवे लावून तिला 16 तासांचा दिवस दिलेला असतो. तुमच्या परड्यात ती पिसं झाडेल आणि दोन-तीन महिने अंडं देणार नाही, मग आठवड्याला काही देईल. खुडूक बसेल ही अपेक्षा नको, या जातीतून तो गुणच काढून टाकलाय. पोटाच्या तक्रारीही या कोंबड्यांना फार. ज्यांना रोज तिन्हीसांजेला खुराड्याला कडी घालायचा कंटाळा आहे त्यांनीही ठेवू नये. तिला झाडावर चढता येत नाही, मुंगसाला ती सोपी.

रविवारचं म्हणाल तर ह्यांना थोडं थांबवा. तिला शेवटचं औषध कोणतं दिलं होतं हे कुणालाच माहीत नाही. किमान पंधरवडा ना अंडं खायचं, ना रस्सा करायचा. पंधरा दिवस बोटानं पाणी पाजल्यावर सुरी धरणार कोण, ते घरात ठरवा.

प्रश्न : माझी गावरान कोंबडी रोज शेजारणीच्या लाकडांच्या ढिगात अंडं घालते. शेजारीण म्हणते, तिच्या घरात पडलं ते तिचं. – कराड

उत्तर : कोंबडी तुमची, अंडंही तुमचंच. पण भांडायच्या आधी सकाळी अकरापर्यंत तिला डालग्याखाली ठेवा, अंडं बहुधा तोवर पडून जातं. अंधाऱ्या कोपऱ्यात भुसकट पसरून एक अंडं तिथंच राहू द्या, सगळी उचलता म्हणून ती जागा बदलते. आजवरची अंडी परत मागू नका. लाकडं तिची होती.